समासातला प्रश्न

बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या काळी नागपूर विद्यापीठाच्या अमलाखाली होती आणि घाटावरच्या विद्यार्थ्याला एखाद्या दाखल्यासाठी तीनशेहून अधिक किलोमीटरची वाट तुडवावी लागत असे, त्या काळी प्राध्यापकाचे राजकीय मत ही गावात सर्वांना ठाऊक असलेली आणि म्हणूनच कोणालाही न बोचणारी गोष्ट होती. खादी वापरणारे कोण, संघाच्या शाखेवर जाणारे कोण, समाजवाद्यांच्या सभेला सतरंज्या घालायला धावणारे कोण, हे आम्हां मुलांस मुखोद्गत असे.

आम्हांस राज्यशास्त्र शिकविणारे सर काँग्रेसच्या विचाराचे होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. आणीबाणी पुकारल्यानंतरच्या पहिल्याच सत्रात त्यांनी ‘आणीबाणीच्या तरतुदी’ या विषयावर निबंध लिहावयास दिला, तेव्हा त्यांची मर्जी संपादन करावी म्हणून मी 1 जुलै 1975 च्या वीस कलमी कार्यक्रमाची मुक्तकंठाने स्तुती केली. मागच्या बाकावरच्या, ज्याच्या नात्यातील एक गृहस्थ स्थानबद्ध होते अशा मुलाने नेमके उलट लिहिले. वह्या परत आल्या तेव्हा माझ्या स्तुतीच्या प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द होता : ‘पुरावा?’ मला विसांपैकी नऊ, त्याला तेरा. त्याच्याही वहीत तो शब्द दोन ठिकाणी होता, हे मी मुद्दाम मागून घेऊन पाहिले.

व्यासपीठावरून जेथे समोरच्याला उत्तर देण्याची मुभा नाही तेथे अध्यापकाने आपले राजकारण गळी उतरवू नये, असे माक्स वेबरने 1917 साली म्यूनिकच्या विद्यार्थ्यांपुढे सांगितले होते. ते वाचनात आले तेव्हा मला प्रथम ती पेन्सिलच आठवली.

पुढे 1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्हा तिकडे वर्ग झाला. 1987 च्या देशव्यापी संपात निरनिराळ्या पक्षांचे प्राध्यापक एका मंडपात बसलेले मी पाहिले. नागपूर विद्यापीठाच्या काळापासूनची ‘नुटा’ ही त्यांची संघटना, आणि तिचे नेते प्रा. बी. टी. देशमुख 1980 पासून सलग तीस वर्षे अमरावती पदवीधर मतदारसंघाचे विधान परिषदेतील प्रतिनिधी. राज्यघटनेच्या 171 व्या अनुच्छेदानेच पदवीधर व शिक्षक यांना वरिष्ठ सभागृहात प्रत्येकी एक-द्वादशांश जागा दिल्या आहेत. तेव्हा शिक्षकाने राजकारणात पडू नये, हे म्हणणेच घटनेला धरून नाही.

खरा बिघाड झाला तो मताने नव्हे. संस्थाचालकच जेव्हा उमेदवार किंवा उमेदवाराचे आप्त झाले, तेव्हा पदवीधरांच्या नोंदणीचे नमुना 18 चे अर्ज गठ्ठ्यागठ्ठ्यांनी प्राध्यापकांच्या टेबलांवर येऊ लागले, आणि किती भरून तहसील कचेरीत पोचले याचा हिशेब प्राचार्यांच्या दालनात मागितला जाऊ लागला. ज्याला स्वतःचा पक्ष होता त्याच्याशी वाद घालता येत असे. ज्याला मालकाचा पक्ष चालवावा लागतो त्याच्याशी वाद तरी कसा घालावा? पक्षपाताची ही जात मला पहिल्या जातीहून कितीतरी घातक वाटते, आणि तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते.

तासिका तत्त्वावर नेमलेल्यांची स्थिती तर अधिकच बिकट आहे. त्यांची नेमणूक दर सत्राला नव्याने होते. मागील वर्षी माझ्याच विषयाचा एक तरुण अध्यापक घरी आला होता. वर्गात निवडणुकीचा धडा कसा शिकवता, असे मी सहज विचारले. त्याने आधी उठून ओसरीचे दार लोटले, आणि मग म्हणाला, “सर, तेवढा धडा मी पोरांना घरी वाचायला सांगतो.”