कॅल्शियमचा पत्ता

हाडांसाठी म्हणून शेजारच्या काकूंनी आईला ‘के-२’ची बाटली आणून दिली, आणि मी या जीवनसत्त्वाच्या मागे लागलो. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना स्निग्धांशाविना वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांत रक्तस्राव दिसला, त्यातून ‘के’चा शोध लागला. के म्हणजे ‘कोआगुलेशन’, रक्त गोठणे. हाडांशी आणि हृदयाशी असलेला संबंध बराच पुढचा. ‘के’मुळे ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन हाडांत कॅल्शियमला धरते, दुसरे एक प्रथिन तेच कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचू देत नाही. कल्पना देखणी आहे खरी!

२००४ साली रॉटरडॅममधल्या ४,८०७ जणांच्या पाहणीत आहारातून के-२ जास्त घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला. पण तो आहार होता, गोळी नव्हे. डेन्मार्कमध्ये ३६५ वयस्क पुरुषांवर दोन वर्षे प्रयोग झाला; ‘ड’सोबत रोज ७२० मायक्रोग्रॅम के-२ घेऊनही हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साचण्याचा वेग लक्षणीय कमी झाला नाही. जपानात मात्र ठिसूळ हाडांवर के-२ औषध म्हणूनच देतात.

आईची झडप कृत्रिम आहे, म्हणून ती वॉरफरिन घेते. वॉरफरिन गुठळी होऊ देत नाही, ती ‘के’चेच काम अडवून. काकूंना हे कसे ठाऊक असणार? डॉक्टरांना विचारेपर्यंत बाटली मी कपाटात ठेवली आहे, सील न तोडता.