घसरत्या गाडीवरचा ताबा

मोटारगाडीची मागची चाके जाणीवपूर्वक घसरू देऊन, गाडी वळणात तिरकी धरून, तरीही ठरवलेल्या मार्गानेच पुढे नेण्याच्या कौशल्याला ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. जपानमध्ये १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी या शर्यतपटूने वळणांवर ही शैली वापरली, पुढे केइची त्सुचिया यांनी ती लोकप्रिय केली आणि २०१७ मध्ये टोकियोत तिची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरली. नांदेड-लातूरकडच्या तरुणांना ती मुख्यतः मोबाइलवर दिसते. तिथे टायरांचा धूर ठळक दिसतो, पण घसरलेली गाडी पुन्हा सरळ करण्याची विद्या दिसत नाही, आणि नवशिक्याने आधी शिकायची असते ती हीच विद्या.

टायर रस्त्याला धरून राहतो तो घर्षणामुळे, आणि ही पकड मर्यादित असल्याने वेग वाढवणे, ब्रेक लावणे व वळणे या तिन्ही कामांत ती वाटली जाते. वेगात वळताना एकदम ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, मागची चाके हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. या अवस्थेला ‘ओव्हरस्टिअर’ म्हणतात. याउलट पुढच्या चाकांची पकड सुटून स्टिअरिंग फिरवूनही गाडी पुरेशी वळत नाही, तेव्हा ते ‘अंडरस्टिअर’ असते.

ड्रिफ्टिंगसाठी इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणारी, बुटकी गाडी सोयीची असते. स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांत ही ताकद पुढच्या चाकांना मिळते, त्यामुळे हँडब्रेक ओढून मागचा भाग क्षणभर घसरवता आला तरी ती घसरण ॲक्सिलरेटरने टिकवून धरता येत नाही. बोलेरोची ताकद मागच्या चाकांना जाते, परंतु ती उंच असल्याने आडवी घसरताना उलटण्याचा धोका मोठा असतो.

म्हणून शिकण्याची सुरुवात बंदिस्त, मोकळ्या व ओल्या मैदानावर, जाणकार प्रशिक्षकासोबत, हेल्मेट व सीटबेल्ट लावून, कमी वेगातल्या गोल फेऱ्यांनी होते. मागचा भाग उजवीकडे घसरला तर स्टिअरिंगही उजवीकडे फिरवायचे, नजर अडथळ्यावर न खिळवता जिकडे जायचे तिकडे ठेवायची आणि मागच्या चाकांना पकड मिळू लागताच स्टिअरिंग तत्परतेने सरळ करायचे, कारण त्यात उशीर झाला तर गाडी उलट्या बाजूला झटका घेते. हे हाताच्या सवयीचे झाल्यावरच इंग्रजी आठाच्या आकाराच्या फेऱ्या सुरू होतात.

मराठवाड्यात ही सवय केवळ हौसेची बाब नाही. बेसाल्ट खडकापासून बनलेली इथली काळी माती पाणी शोषून फुगते व चिकट होते. वापसा येण्याआधी शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांसोबत ती डांबरावर येते, आणि त्या पातळ चिखलावर सरळमार्गी चालकाची गाडीही घसरते. एबीएस ही यंत्रणा ब्रेक लावताना चाके जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंग कामाचे राहते, पण अतिवेगाने घेतलेल्या वळणातून ती गाडीला वाचवू शकत नाही.

सार्वजनिक रस्त्यावर ड्रिफ्टिंगचा सराव करणे मात्र सर्वस्वी गैर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ नुसार धोकादायकपणे वाहन चालवणे गुन्हा ठरते, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की नांदेड-लातूर महामार्गावर समोरून येणाऱ्या एसटीतील प्रवाशांनी या प्रयोगाला संमती दिलेली नसते. तरुणांची ओढ केवळ दंडाने शमणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी देखरेखीखालचे एखादे ओले सराव-मैदान उभे राहिले, तर हौशी मुलांना हक्काची जागा मिळेल आणि रोज गाडी चालवणाऱ्या शेतकऱ्याला, शिक्षकाला व टॅक्सीचालकाला घसरलेली गाडी सावरण्याचे शिक्षण मिळेल.