काच मागची, खोट पुढची

जुन्या सफारीची किंवा स्कॉर्पिओची मागच्या दाराची काच अडली, की ‘मोटर गेली’ असा निकाल मालक परस्पर लावून टाकतो. पुण्याच्या विश्रांतवाडीत हे प्रकरण ज्येष्ठ वद्यात हटकून निघतं. माउलींची पालखी आळंदी रस्त्याने पुण्याकडे येते, पहिल्या सरी बरसतात आणि उन्हाळाभर एसीच्या नादात बंद राहिलेली काच अर्ध्यावर अडकते. पुण्यातच तयार झालेल्या १९९१च्या टाटा सिएराला मागे न उघडणारी अखंड काच होती, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. १९९८ची सफारी आणि २००२ची स्कॉर्पिओ पाच दारांच्या, आणि प्रत्येक दार म्हणजे नवं दुखणं.

निदान कानांनी सुरू होतं. बटण दाबल्यावर आतून घरघर ऐकू येते पण काच हलत नाही, म्हणजे मोटर धडधाकट आहे. काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरची तार तुटलीय किंवा काच धरणारी प्लास्टिकची पकड गेलीय. आवाज नाही, पण छतातला दिवा किंचित मंदावतो, तर मोटरला करंट मिळतोय आणि ती दबून बसलीय. बहुतेक वेळा दोष रबरी चॅनलमधल्या धुळीचा असतो. अशा वेळी बटण दाबून धरू नये. मोटर तापते, तिच्यातलं संरक्षण करंट तोडतं, थोड्या वेळाने ती पुन्हा चालते आणि आपण दुरुस्ती झाली म्हणून खूश होतो. (शेजारच्या लोहगाव हवाई तळावरून सुखोई विमान उडत असेल तर कानाची परीक्षा थोडी पुढे ढकलावी.)

सगळंच शांत असेल तेव्हा खरी गंमत. मोटरला दोन वायरी असतात. बटण मोकळं असताना दोन्ही अर्थला जोडलेल्या. दाबलं की एकीला १२ व्होल्ट मिळतात, उलट दाबलं की दुसरीला, म्हणून काच वर-खाली होते. बऱ्याच गाड्यांत मागच्या दाराचा हा अर्थ ड्रायव्हरजवळच्या मुख्य स्विचमधून येतो. तिथला एखादा संपर्क झिजला, की मागची काच मरते. मुलांसाठीचं लॉक चुकून दाबलं गेलं असेल, तरी मागचं बटण गप्प बसतं. म्हणून फ्यूज आणि हे लॉक आधी पाहावं, मग मागच्या दोन दारांचे स्विच एकमेकांत बदलून बघावेत. फ्यूज उडत असेल तर त्याच अँपिअरचा घालावा. मोठा घालणं म्हणजे वायरिंग जाळायला आमंत्रण.

तरीही नाही जमलं, तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीकडे वळावं. दार वर्षानुवर्षं उघडमिट होतं, आतली तांब्याची तार तुटते, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. एकाने बटण दाबून धरावं, दुसऱ्याने दार हळूहळू हलवावं. एखाद्या कोनात काच उसळली, तर चोर सापडला. ही वायर जोडायला चांगला वायरमन लागतो, मोटर नव्हे. मला तर वाटतं, दार खोलण्याआधी टेस्ट लॅम्प न लावणाऱ्या मेकॅनिककडे गाडी देऊच नये.

मोटर खरंच गेली असेल तर नवी नाना पेठेत, जुनी जुन्या बाजारात मिळते. डाव्या आणि उजव्या दाराची एकच समजू नये. जुनी काढून हातात घेऊनच जावं, आणि जुनी विकत घेताना बॅटरीवर दोन्ही दिशांना फिरवून बघावी. रेग्युलेटरचे बोल्ट सैल करण्यापूर्वी काच वरती चौकटीला चिकटपट्टीने पक्की बांधावी; ती सुटली तर बोटं आणि काच दोन्ही जातात. रबरी चॅनलला इंजिन ऑइल लावू नये, रबर फुगतं. सिलिकॉन स्प्रे बरा.

डोअर पॅडमागची प्लास्टिकची पन्नी मात्र घाईत फाडून फेकली जाते. ती पुन्हा चिकटवली नाही, तर पावसाचं पाणी आसनाखाली जातं. दाराच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात. तीही बारीक तारेने मोकळी करून घ्यावीत.