शाळेचा फोन आणि इंटरनेट



मागच्या पावसाळ्यात एका दुपारी एकाएकी जोराचा पाऊस सुरू झाला. नाल्यांना पाणी चढू लागले, म्हणून आम्ही शाळा दीड तास आधी सोडली. कार्यालयात फोन एकच. त्याच फोनवरून आमचे बाबू बसवाल्यांना फोन लावत होते आणि त्याच नंबरवर पालकांचे फोन येत होते. जवळच्या खेड्यातल्या, चौथीत शिकणाऱ्या एका मुलीची आई चाळीस मिनिटे फोन लावत राहिली. प्रत्येक वेळी लाइन व्यस्त. शेवटी ती माउली भिजत पायी शाळेत आली. मुलगी सुखरूप होती, व्हरांड्यात बाईंजवळ डबा खात बसली होती. आई आम्हाला एवढेच म्हणाली, "सर, नुसती घंटी वाजत राहिली असती तरी चाललं असतं. कुणी तरी उचलेल अशी आशा असते. हा तर सारखा बिझीच."

या बोलण्याचे आम्हाला फार वाईट वाटले. चूक कोणा कंपनीची नव्हती, आमचीच होती. एवढ्या मुलांची शाळा आणि फोन एक, हे कधीच सुधारायला हवे होते.

त्यानंतर इंदूरहून एक विक्रेते आले आणि 'इंटरनेट टेलिफोन सिस्टीम'चे कोटेशन ठेवून गेले. सहा पाने, आणि प्रत्येक पानावर असे शब्द की विश्वस्त मंडळाच्या बैठकीत सगळे आमच्याकडे पाहू लागले. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, आणि विषयही टेलिफोनचा नव्हता. तरी आम्ही वाचले, याच कामात असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याला विचारले, आणि जे समजले ते येथे सर्वांसाठी मांडत आहोत. खर्च संस्थेचा आहे, म्हणजे आपल्या सर्वांचा आहे.

आधी जुना फोन समजून घेऊ. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ च्या जानेवारीत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या वेळी ऑपरेटर हाताने दोन तारा जोडून देत असे. पुढे यंत्रे आली, १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी सुरू झाली, पण मूळ रीत तीच राहिली. आपण बोलतो तेवढा वेळ दोघांमधला रस्ता फक्त आपला. लग्नाच्या वऱ्हाडासाठी आगगाडीचा अख्खा डबा राखून ठेवावा तसे. निम्मी बाके रिकामी असली तरी दुसऱ्या कोणाला बसता येत नाही. आपण गप्प बसलो तरी तार अडलेलीच, आणि म्हणून तिसऱ्याला 'व्यस्त' ऐकू येते.

मोठ्या कार्यालयांत याच रिवाजाचा एक छोटा भाऊ असे, तो म्हणजे ईपीएबीएक्स, आपल्याकडे ज्याला नुसते 'बोर्ड' म्हणत. बाहेरच्या दोन-चार लाइन आणि आत वीस-पंचवीस एक्स्टेंशन. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने १२८ लाइनचे छोटे एक्स्चेंज बनवले, जे वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत आणि उन्हात चालत असे. लहान गावांपर्यंत फोन पोचण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आमच्या वयाच्या वाचकांना एसटीडी-पीसीओच्या रांगा आणि रात्री दर उतरण्याची वाट पाहणे आठवत असेलच. मुलांना हे सांगितले तर ती हसतात.

आता इंटरनेटचा फोन. यात आवाजाचे तुकडे होतात. आपला आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक माप ८ बिटमध्ये लिहिले जाते. सातवी-आठवीच्या मुलांनी वही घ्यावी: ८००० गुणिले ८, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हा ऐवज साधारणपणे सेकंदाला ५० पुड्यांमध्ये बांधतात. एका पुडीत १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइटचा पत्ता-क्रमांक. पुडी झाली २०० बाइटची. २०० गुणिले ८ गुणिले ५०, उत्तर ८०,०००. म्हणजे एका संभाषणाला एका दिशेने सेकंदाला सुमारे ८० किलोबिट लागतात. दहा जण एकाच वेळी बोलले तरी एक मेगाबिटच्या आतच. शाळेच्या कॉम्प्युटर कक्षातल्या ब्रॉडबँडला हे ओझे काहीच नाही.

प्रत्येक पुडी स्वतंत्र प्रवासी. वऱ्हाडाचा डबा नाही, ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसतो, आणि पलीकडे क्रमांक पाहून पुड्या परत ओळीत लावल्या जातात. दोन्ही बाजूंनी पुड्या एकाच वेळी सुटतात, आपल्या हिंगोटच्या मैदानावर तुर्रा आणि कलंगी दोन्हीकडून सुटावे तशा, फक्त इथे कोणी भाजत नाही. एखादी पुडी हरवली तर ती पुन्हा मागवत नाहीत, कारण उशिरा आलेला शब्द काही कामाचा नाही. म्हणूनच इंटरनेट मंद असेल तर आवाज तुटक येतो. एका बाजूचे बोलणे दुसरीकडे पोचायला सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्शापेक्षा, म्हणजे १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला, की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द 'सिप'. तो आवाज नेत नाही. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे त्याचे काम. समोरच्याचा पत्ता शोधायचा, घंटी वाजवायची, दोघे कोणत्या पद्धतीने बोलणार ते ठरवून द्यायचे आणि बाजूला व्हायचे. बोलणे संपले की निरोपही तोच देतो. ही पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षातली एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाचा कॉलेजात शिकणारा तरुण लिनक्स वापरणाऱ्यांना मदत देणारी छोटी कंपनी चालवत होता. ग्राहकांचे फोन घ्यायला त्याला बोर्ड हवा होता, आणि बोर्डाची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर. त्याने साध्या कॉम्प्युटरवर चालणारा बोर्ड स्वतः लिहून काढला, त्याचे नाव 'ॲस्टरिस्क' ठेवले आणि तो सर्वांना मोफत देऊन टाकला. आज जगभरातल्या असंख्य कार्यालयांचे फोन त्यावर किंवा त्याच्यावर बेतलेल्या प्रणालींवर चालतात. आपल्याकडेही असे बोर्ड बनतात. गायकवाडांच्या वडोदऱ्यातली मॅट्रिक्स ही कंपनी जुन्या पद्धतीचे आणि इंटरनेटचे, दोन्ही प्रकारचे बोर्ड तयार करते.

काही पालकांनी विचारले, हे कायदेशीर आहे ना? प्रश्न योग्य आहे. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी मिळाली, पण अर्धीच. कॉम्प्युटरवरून परदेशी फोन लावता येई, आणि पुण्या-इंदूरच्या किती तरी आई-वडिलांनी सायबर कॅफेत बसून अमेरिकेतल्या मुलांशी गप्पा मारल्या, पण त्याच कॉम्प्युटरवरून शेजारच्या घरातला फोन वाजवण्यास मनाई होती. २०१८ मध्ये सरकारने परवान्याच्या अटी स्पष्ट केल्या, आणि परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून नेहमीच्या नंबरांशी जोडणारी सेवा देता येऊ लागली. पुढे नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरचे नियमही सैल झाले. आपल्या समाजातली जी मुले आज घरी बसून कंपनीचे फोन घेतात, ती त्याच बदलामुळे. तेव्हा आपल्याला एवढेच पाहायचे आहे की जोडणी परवाना असलेल्या कंपनीचीच घ्यायची. कोणी "सिमकार्डे भरलेला डबा बसवून देतो, स्वस्तात पडेल" म्हणाला, तर त्याला चहासुद्धा विचारू नये.

आणि हे काही परके तंत्रही राहिलेले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले तेव्हा त्यांच्याकडे फक्त ४-जी होते, प्रत्येक बोलणे पुड्यांमधूनच जात होते. फायबरच्या ब्रॉडबँडबरोबर घरी जो टेबलावरचा फोन मिळतो, तोही याच जातीचा.

आता फायद्याचे. विक्रेत्यांनी बचतीवर फार भर दिला. ते आम्हाला पटले नाही. मोबाइलच्या पॅकमध्ये हवे तेवढे बोलता येते अशा दिवसांत फोनचे बिल वाचवण्यासाठी कोणी बोर्ड बसवू नये. ज्यांच्या दहा शहरांत शाखा आहेत त्यांची बचत होत असेल, आपली नाही.

आपला फायदा दुसरा आहे. या पद्धतीत नंबर तारेला बांधलेला नसतो, तो एका यादीला बांधलेला असतो. शाळेचा एकच नंबर लावला की कार्यालयात घंटी वाजेल. पंधरा सेकंदांत कोणी उचलला नाही तर शिक्षक कक्षात, तिथेही नाही तर आमच्या मोबाइलवर. एक पालक बोलत असताना दुसऱ्याचा फोन आला तर त्याला 'व्यस्त' ऐकू येणार नाही, दुसऱ्या जागी घंटी वाजेल. एकाच वेळी किती बोलणी चालतील ते आपण घेतलेल्या जोडणीवर असते. आम्ही चार मागितली आहेत. त्या पावसाच्या दुपारी चार असती तर ती आई घरीच थांबली असती.

दुसरी एक सोय आम्हाला आवडली. न उचललेल्या प्रत्येक फोनची नोंद राहते, वेळ आणि नंबरासह. संध्याकाळी ती यादी पाहून बाबूंनी उलट फोन करायचा. तसेच सुट्टी अचानक जाहीर झाली तर दोन वाक्यांचा निरोप भरून ठेवता येतो, आणि फोन करणाऱ्याला तो आधी ऐकू येतो. बाकी संगीत, व्हिडिओ, आलेख वगैरे पानभर लिहिले आहे, ते आपल्या कामाचे नाही. 'मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा' हेही आम्ही काढून टाकायला सांगितले. आजी-आजोबा फोन करतात. त्यांना माणसाचा आवाज हवा.

तोट्याची बाजूही विश्वस्तांसमोर ठेवतो, कारण ती कोटेशनमध्ये नव्हती. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीवरून, ४८ व्होल्टची, तारेतूनच मिळत असे. म्हणून घरात लाइट गेली तरी फोन चालू राही. इंटरनेटच्या फोनला राउटर लागतो, राउटरला लाइट लागते, आणि लाइट नेमकी कधी जाते हे कोणाला सांगायला नको. ज्या वादळात फोनची खरी गरज, त्याच वादळात तो मुका. यावर उपाय आहे: नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा स्विच घ्यावा, म्हणजे एकाच जागी यूपीएस लावला की राउटर आणि सगळे फोन तेवढा वेळ चालतात. यूपीएसचे पैसे कोटेशनमध्ये धरलेले नव्हते, ते धरून मगच तुलना करावी. बाहेर केबलच तुटली तर यूपीएसही काही करू शकत नाही. त्यासाठी इंटरनेट बंद होताच येणारे फोन आपोआप एका मोबाइलवर वळवण्याची सोय मागून घेतली आहे.

पासवर्डची बाबही गंभीर आहे. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला तर चोर रात्री बोर्डात शिरून परदेशात फोन लावतात आणि बिल मालकाच्या नावे येते. शाळेला आयएसडीची गरज नाही, ती पहिल्या दिवसापासून बंद राहील. बोलणे रेकॉर्ड करण्याची सोयही आम्ही घेणार नाही. पालक आम्हाला मुलांच्या आजारपणाचे, घरच्या अडचणींचे सांगतात, ते कुठल्या तरी दूरच्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. आणि अपघातात ११२ लावायचा असेल तर मोबाइलवरूनच लावावा. इंटरनेटचा फोन कुठल्या खोलीतून, कुठल्या गावातून बोलतो आहे हे पलीकडच्याला नक्की कळेलच असे नाही.

बोर्ड शाळेत बसवायचा की कंपनीच्या यंत्रावर भाड्याने घ्यायचा, हा प्रश्न उरतो. आमचे मत भाड्याच्या बाजूने आहे. यंत्र बिघडले तर दुरुस्तीला इंदूरहून माणूस येईपर्यंत दिवस जातो, आणि सांभाळणारा जाणकार आपल्याकडे नाही. महिन्याचे भाडे परवडेनासे झाले तर बंद करता येते. काही विश्वस्तांना मात्र वस्तू स्वतःची असावी असे वाटते, त्यांनी बैठकीत आपले म्हणणे जरूर मांडावे.

मंजुरी मिळाल्यास दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन फोनांवर दोन महिने चाचणी घेऊ. कार्यालयात बाबू, शिक्षक कक्षात ज्यांचा तास रिकामा असेल त्या बाई किंवा सर, आणि तिसरे आम्ही. फोन उचलण्याची पाळी रोज सकाळी फळ्यावर लिहिली जाईल. चाचणीच्या काळात ज्या पालकांचा फोन लागला नाही त्यांनी वार आणि वेळ चिठ्ठीवर लिहून मुलाच्या वहीतून पाठवावी, आम्ही ती न उचललेल्या फोनांच्या यादीशी ताडून पाहू. कार्यालयाचा जुना नंबर तोपर्यंत चालूच राहील.