उतारवयातला उतार

साठी उलटलेल्या माणसाचे पोट सुटले, तर आपल्याकडे त्याला 'खात्यापित्या घरचा' म्हणतात, आणि तोच गृहस्थ जरा बारीक झाला, की लोक आवाज उतरवून विचारतात, "अहो, बरे आहे ना सगळे?" मलाही विचारतात. गेल्या दीड वर्षात माझे वजन ८१ किलोंवरून ७२ वर आले. वय मात्र ६४ वरून ६६ वर गेले, त्याला इलाज नाही.

कारण घरातच होते. आमचे दादा मधुमेहाचे जुने गिऱ्हाईक. पायाची साधी जखम चिघळून त्यांची दोन बोटे काढावी लागली. त्याच सुमारास माझीही साखर काठावर आली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी आता ऐका."

आमच्या डॉक्टरांनी काट्याच्या आधी टेप काढली. आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत असावी, असे ते म्हणाले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. पण अंगातली चरबी साहेबांची ९ टक्के, तर आपल्या डॉक्टरांची २१! म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या मराठी माणसानेही फार खुशीत राहू नये.

पण या वयात वजन उतरवून मिळवायचे काय? अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक माणसांपैकी एका गटाला वजन ७ टक्के उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायला सांगितले. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले आणि साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांची कमाई जास्त! ७ टक्के म्हणजे माझ्या बाबतीत जेमतेम पावणेसहा किलो.

गुडघ्यांचे गणित त्याहून गोड. एक किलो वजन उतरले, की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. नऊ किलोंचा गुणाकार आपणच करावा. रक्तदाबही उतरला. घोरणे कमी झाले. ही बातमी मला अर्थातच सौभाग्यवतींकडून कळली.

केले काय? भाताची एक मूद गेली, चहातली साखर गेली, पाच वाजताचे फरसाण गेले. उसळ, ताक आणि अंडे मात्र वाढले. उपासाच्या वाटेला मी गेलो नाही. साबूदाण्याच्या खिचडीने कोणी बारीक झालेला माझ्या पाहण्यात नाही. शिवाय उतारवयात नुसते पोट मारले, तर चरबीबरोबर स्नायूही झडतात आणि माणूस हलका होण्याऐवजी लटपटा होतो. म्हणून रोजच्या चालण्याला जोड हवी. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचे नि बसायचे, आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायच्या. पहिल्या दिवशी नातवंडे पोट धरून हसली.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर वजन उतरताना त्यांची मात्राही बदलावी लागते; ती डॉक्टरांनी बदलायची, आपण नव्हे. आणि काही न करता वजन आपोआप उतरू लागले, तर पेढे न वाटता तडक दवाखाना गाठावा.

यंदाच्या दिवाळीत मला दिवसाला एक चकली आणि अर्धी करंजी मंजूर झाली आहे. बाकीचा फराळ हिने सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आहे. गुडघे सुधारल्यापासून मला स्टुलावर चढता येते, हे तिच्या अजून लक्षात आलेले नाही.