दोन कॅरेट, एक गुंज

दिवा स्टेशनबाहेरच्या सराफाकडे अंगठी घ्यायला गेलात, तर ‘कॅरेट’ हा शब्द दोनदा ऐकू येईल आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा असेल. हिऱ्याचा कॅरेट हे वजन आहे: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. सोन्याचा कॅरेट हा शुद्धतेचा हिस्सा. २४ भागांपैकी २२ भाग सोनं असेल तर ते २२ कॅरेट. इंग्रजीत अमेरिकन वळणाने लिहिताना दोहोंची स्पेलिंगं वेगळी ठेवतात. मराठीत आपण एकाच शब्दावर भागवतो, म्हणून घोटाळा.

आजीचा हिशेब वेगळा होता. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. गुंज म्हणजे वेलीवरची ती लालकाळी बी. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. आजीचे पाच तोळे मोडायला काढाल तेव्हा हा फरक आठवा.

हॉलमार्क जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ला ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख-क्रमांक, बघा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. दोन ग्रॅमांच्या आतल्या दागिन्याला मात्र सूट आहे, आणि मंगळसूत्राच्या हलक्या वाट्या नेमक्या त्यातच बसतात!

खडे जडवलेला दागिना घेताना बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. नाहीतर खड्यालाही सोन्याचाच भाव लागतो.