बी. एस्सी. नंतरची उमेदवारी

रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या मुलानें पुढें काय करावें, हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि बहुतेक घरीं त्याचीं ठरलेलीं उत्तरें दोनच असतात: एम्. एस्सी. करावें, नाहीं तर स्पर्धापरीक्षेस बसावें. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ या ठिकाणीं औषधांचे व रसायनांचे जे कारखाने उभे आहेत, त्यांचा विचार या उत्तरांत क्वचितच होतो. वस्तुतः केवळ बी. एस्सी.च्या पदवीस कायद्यानेंच स्थान दिलेलें असें औषधनिर्मितीचें क्षेत्र आहे.

१९४० च्या औषधविषयक कायद्याखालीं १९४५ सालीं जे नियम झाले ते पुष्कळ दुरुस्त्या होऊन आजही लागू आहेत. औषधनिर्मिति कोणाच्या देखरेखीखालीं चालावी हें त्यांत सांगितलें आहे. औषधशास्त्राच्या पदवीधरास त्यासाठीं १८ महिन्यांचा अनुभव पुरतो. रसायन हा मुख्य विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळविणारास ३ वर्षांचा लागतो. म्हणजे दोघांत अंतर आहे तें दीड वर्षाच्या उमेदवारीचें. दाराला कुलूप नाहीं. मात्र हा अनुभव औषधनिर्मितीचा, प्रत्यक्ष आणि पदवीनंतरचा असावा लागतो. परीक्षणशाळा तर निर्मितीपासून नियमानेंच स्वतंत्र ठेवलेली असते. तेव्हां पहिली नोकरी पत्करतांना पगाराच्या आंकड्याइतकेंच आपण कोणत्या विभागांत जात आहों हें पाहणें अगत्याचें आहे, व नेमणुकीच्या पत्रांत तो विभाग लिहून घेणें त्याहूनही अगत्याचें. कंत्राटदारामार्फत लागलेल्या मुलांची फसगत होते ती येथेंच. काम तीन वर्षें केलेलें असतें, परंतु दाखवावयास कागद नसतो.

परीक्षणशाळेंतलें काम नव्या पदवीधरास अगदींच अनोळखी नसतें. कच्च्या मालाचा नमुना घ्यावयाचा, तो तोलावयाचा, ब्युरेटनें अनुमापन करावयाचें, एचपीएलसी यंत्रावर घटकांचें प्रमाण पाहावयाचें, गोळी किती वेळांत विरघळते तें मोजावयाचें. यांतलें पुष्कळसें महाविद्यालयांत झालेलें असतें. जें झालेलें नसतें तें निराळेंच आहे. महाविद्यालयांत अनुमापनाचें उत्तर किती यावयास हवें हें मुलांना बहुधा आधींच ठाऊक असतें. आंकडा त्याप्रमाणें जुळवून घेतला जातो, आणि वही मागाहून घरीं बसून सुवाच्य लिहिली जाते. शिक्षकही तिकडे डोळेझांक करतात, कारण त्यांनाही अभ्यासक्रम संपवावयाचा असतो! कारखान्यांत हाच गुन्हा ठरतो. तेथें आंकडा दिसतांक्षणीं शाईनें टिपावयाचा. चुकला तर खालचा आंकडा वाचतां येईल अशी एकच रेघ मारून शेजारीं सही व तारीख घालावयाची. यंत्राला जोडलेल्या संगणकांतही कोणी केव्हां काय बदललें याचा माग राहतो. हा केवळ शिस्तीचा बडेजाव नव्हे. जुळविलेल्या आंकड्यावर कारखान्याबाहेर पडलेली गोळी कोणा तरी आजाऱ्याच्या पोटांत जाणार असते. अमेरिकेचें औषध-प्रशासन भारतांतील कारखाने तपासतें तेव्हां या नोंदी बारकाईनें पाहतें, आणि त्यांत खोट आढळल्यानें माल तिकडे रोखला गेल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून मुलाखतीस जाणाऱ्या मुलानें सूत्रें घोकण्यापूर्वीं आपली प्रयोगवही एकदां या दृष्टीनें चाळून पाहावी.

ज्याची ओढ संशोधनाकडे आहे त्याच्यासाठीं एम्. एस्सी. हा रूढ मार्ग आहे. त्यानंतर नेट परीक्षेंतून कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानें पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत डॉक्टरेटचें काम करतां येतें. घरच्या अडचणीमुळें ज्याला लगेच मिळवितें व्हावें लागतें, त्यानें कांहीं काळ कारखान्यांत काढून मग एम्. एस्सी. केली तरी चालण्यासारखें आहे. मात्र त्या संशोधनवृत्तीला वयाची मर्यादा असते, ती आधीं पाहून ठेवावी.